‘ऊन वेगळं, उष्णता वेगळी’ म्हणणाऱ्या ताईंना उत्तर

ताई,

तुमची प्रतिक्रिया येऊन तीन आठवडे झाले. लगेच उत्तर दिलं नाही, कारण तुमचं पहिलंच वाक्य मला लागलं. ‘हॉट योगा कधी केलाय का, की मेडिकलच्या काउंटरमागे बसून ठोकून दिलंय?’ खरं सांगते, केला नव्हता. म्हणून आधी केला. जळगावातच, सकाळी साडेसहाची बॅच, आठ दिवस. भुसावळहून पहाटे पावणेसहाला निघायचं म्हणजे काय, ते जानेवारीत वाघूरच्या पुलावरून स्कूटी चालवणाऱ्यालाच कळेल. (नवऱ्याने पहिल्या दिवशी नेऊन सोडलं, दुसऱ्या दिवशी पांघरूण ओढून घेतलं.)

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. डिसेंबरात मी लिहिलं होतं की हॉट योगाने, म्हणजे तापवलेल्या खोलीत केलेल्या आसनांनी, त्वचा तरुण होते ही नुसती जाहिरात आहे, उलट उष्णतेने कातडी लवकर म्हातारी होते, आणि पटत नसेल तर कपाशी वेचणाऱ्या बायकांचे चेहरे बघा. भुसावळकरांनी पैसे मोजून उकडून घ्यायचं, असा एक टोमणाही मारला होता. त्यावर तुम्ही लिहिलंत की शेतातल्या बायकांची कातडी उन्हाने जाते, उष्णतेने नाही, आणि बंद खोलीत ऊन कुठलं? घामातून शरीरातलं विष बाहेर पडतं. सहा महिन्यांत तुमचा चेहरा इतका बदलला की लग्नात बहिणी विचारत होत्या काय लावतेस. आणि हा हजारो वर्षांचा योग आहे, त्याची चेष्टा करू नये. खाली नाव नाही, नुसतं ‘एक साधिका’.

पहिला मुद्दा तुमचा बरोबर आहे, आणि तिथे मी चुकले. कपाशी वेचणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या हे मुख्यतः उन्हातल्या अतिनील किरणांचं काम. त्यातले ‘यूव्ही-ए’ किरण कातडीच्या आतल्या थरापर्यंत जातात आणि कोलॅजनची, म्हणजे कातडी घट्ट धरणाऱ्या प्रथिनाची, वीण मोडतात. हीटर लावलेल्या खोलीत ते नसतात. दोन गोष्टी एका दावणीला बांधून मी पुरावा म्हणून उभ्या केल्या, तो आळशीपणा होता.

पण मग नुसती उष्णता निरुपद्रवी म्हणायची का? इथे मला माझ्या आईची नडगी दाखवायची आहे.

आई पारोळ्याकडची. मांडे करण्यात तिचा हात असा की लग्नसराईत आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) चार घरची बोलावणी असायची. चुलीवर खापर पालथं, खाली कपाशीच्या काड्यांचा जाळ, आणि आई उजवा गुडघा उभा करून चुलीच्या तोंडाशी. मांडा हातावर फिरवत फिरवत कोपरापर्यंत न्यायची आणि खापरावर टाकायची. चाळीस वर्षं हेच. तिच्या उजव्या नडगीवर तपकिरी जाळी आहे, मासे धरायच्या जाळ्यासारखी, घोट्यापासून गुडघ्याच्या खालपर्यंत. डाव्या पायावर काही नाही. लहानपणी मला वाटायचं ती गोंदलेली आहे. पुढे फार्मसीला असताना एका पुस्तकात तसाच फोटो दिसला आणि नाव कळलं: ‘एरिथेमा अब इग्ने’, म्हणजे आगीमुळे आलेली लाली. साधारण ४३ ते ४७ अंशांची धग, भाजणार नाही इतपत, पण वर्षानुवर्षं एकाच जागी लागली की कातडीत हा बदल होतो. काश्मीरमध्ये फिरनच्या आत कांगडी धरणाऱ्यांच्या पोटावर आणि मांड्यांवर ही जाळी येते, आणि तिथे पुढे कर्करोग झाल्याच्याही नोंदी आहेत. आता मांडीवर लॅपटॉप ठेवणाऱ्या पोरांमध्येही ती दिसते.

त्या नडगीला ऊन कधी लागलं नाही, ताई. नऊवारीच्या आत, स्वयंपाकघराच्या अंधारात होती ती. म्हणजे ऊन नसतानाही नुसत्या धगीने कातडी बदलते. कोरियात सोलच्या त्वचातज्ज्ञांनी माणसाच्या त्वचेवर नुसती उष्णता देऊन दाखवलंय की कोलॅजन तोडणारं विकर त्याने वाढतं.

आता लगेच तुम्ही म्हणाल, चूल आणि क्लास एक आहे का? नाही, आणि हेही मान्य करते. खोलीतली हवा ४० अंशांची असते, पण घामाने भिजलेली कातडी ३६-३७ च्या आसपासच राहते. चुलीची धग थेट एका जागी लागते, तिथे हवा सगळीकडून. तेव्हा आईच्या नडगीवरून तुमच्या चेहऱ्याचं भविष्य मला सांगता येणार नाही. ‘उष्णतेचा आणि कातडीच्या वयाचा संबंधच नाही’ हे तुमचं वाक्य टिकत नाही, आणि ‘हॉट योगाने कातडी म्हातारी होते’ हे माझंही टिकत नाही.

आता घाम. क्लासमध्ये मला सगळ्यात जास्त शिकवलं ते टॉवेलने. पहिल्या दिवशी दुकानातल्या काट्यावर वजन करून गेले होते, ६१.४. परत आल्यावर, काही न पिता, ६०.५. तासाभरात ९०० ग्रॅम! टॉवेल पिळला तर धार लागली. शेजारची मुलगी म्हणाली, ‘बघा काकू, किती टॉक्सिन निघाले.’ दुपारपर्यंत दोन तांबे पाणी, ताक आणि एक वाटी डाळ झाली, संध्याकाळी काटा पुन्हा ६१.४ वर. तुमचं विष मी ताकातून परत प्यायले म्हणायचं का मग?

गंमत अशी की मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, तेव्हाही घाम तितकाच येतो, कदाचित जास्त. पण हवा कोरडी ठाक असते, त्यामुळे तो दिसायच्या आत उडून जातो. बाजारातून आल्यावर ब्लाउजच्या पाठीवर नुसती पांढरी मिठाची रेघ उरते. क्लासमध्ये मात्र दमटपणा मुद्दाम वाढवलेला. आमच्या खोलीत कोपऱ्यात वाफेचं भांडं होतं, आणि हॉट योगा रुजवणाऱ्या बिक्रम चौधरींच्या मूळ पद्धतीत ४० टक्के आर्द्रता सांगितलेली आहे, सुमारे ४०.५ अंशांना, ९० मिनिटं. अशा हवेत घाम पुरेसा उडत नाही, ठिबकतो. आणि ठिबकलेला घाम अंग थंड करत नाही, उडालेलाच करतो. म्हणजे मॅटवर साचलेलं ते तळं बघून आपण खूश होतो, पण अंग थंड ठेवायला ते पाणी वायाच गेलेलं असतं.

त्यात असतं काय? ९९ टक्के पाणी, मीठ, थोडं लॅक्टेट, थोडा युरिया. शरीर साफ करायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. मूत्रपिंडं दिवसाला जवळजवळ १८० लिटर द्रव गाळतात, आणि तुम्ही घामाने पार सुकलात तर त्यांचं काम सोपं होत नाही, अवघडच होतं. घामाची मी निंदा करत नाहीये. त्यात जंतूंना मारणारं एक प्रथिनही असतं आणि लॅक्टेट-युरियाने कातडी थोडी मऊही राहते. पण विष काढायची मोरी म्हणून त्याची ओळख करून देऊ नका.

आणि तो चेहऱ्यावरचा ग्लो? दिसला, मलाही दिसला. आठही दिवस क्लासच्या आरशात मी पाच वर्षांनी लहान दिसत होते. अंग तापलं की आतली उष्णता बाहेर टाकायला शरीर रक्त कातडीकडे वळवतं. एरवी मिनिटाला पाव-अर्धा लिटर जाणारं रक्त कडक उष्णतेत सहा-आठ लिटरपर्यंत जाऊ शकतं. गाल गुलाबी होणारच! वरचा थर ओला होऊन फुगतो, बारीक रेघा बुजतात. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम फोटो काढले: एक क्लासच्या दारात, एक नशिराबादजवळ चहाला थांबले तिथे, एक घरी. घरच्या फोटोत माझं वय माझ्याइतकंच होतं.

पण तुमचे सहा महिने तासाभराच्या लालीने झालेले नाहीत, हे मला कळतं. तुम्ही लिहिलंय की आधी काहीच व्यायाम नव्हता, आता आठवड्याला चार दिवस. इथे मी तुमच्या बाजूने साक्ष देते. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात, कधी व्यायाम न करणाऱ्या पासष्टीपुढच्या माणसांना आठवड्यातून दोनदा सायकल चालवायला लावली. तीन महिन्यांनी त्यांच्या नितंबांवरची, म्हणजे ऊन न लागलेली, कातडी तपासली तर ती आतून पुष्कळ तरुण माणसासारखी दिसायला लागली होती. तिथे हीटर नव्हता. आणि टेक्सासमधल्या एका विद्यापीठाने २०१८ साली तर थेट तुमच्या प्रश्नाजवळचाच प्रयोग छापला: चाळीस ते साठ वयाची माणसं, बिक्रमच्या क्रमातली तीच २६ आसनं, १२ आठवडे, एक गट ४०.५ अंशांच्या खोलीत, एक २३ च्या. रक्तवाहिन्यांची फैलावण्याची क्षमता दोन्ही गटांत सुधारली, गरम खोलीने जादा काही दिलं नाही. हे रक्तवाहिन्यांबद्दल आहे, चेहऱ्याबद्दल नाही. तरी मला वाटतं, तुमच्या बहिणींनी जे पाहिलं त्याचं श्रेय आसनांना, झोपेला आणि सुटलेल्या कोल्ड्रिंकला जास्त आहे. (कोल्ड्रिंक सोडल्याचं तुम्हीच लिहिलंयत, जाता जाता.)

हजारो वर्षांचं म्हणाल तर आसनं जुनी, खोली नवी. बिक्रम चौधरी कोलकात्याचे, आणि हे प्रकरण रुजलं ते १९७० च्या दशकात अमेरिकेत. पुढे त्यांनी त्या २६ आसनांच्या क्रमावर कॉपीराइटही सांगितला, २०१५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने तो नाकारला. जुन्या ग्रंथांचंच ऐकायचं तर हठयोगप्रदीपिका श्रमाने आलेला घाम अंगाला चोळा म्हणते, श्रमाने, हीटरने नव्हे. आणि नव्या साधकाने सुरुवातीला अग्निसेवन टाळावं हेही तिथेच आहे. आयुर्वेदातल्या वाग्भटांनी ग्रीष्मात टाळायच्या गोष्टींत व्यायाम आणि सूर्यकिरण शेजारीशेजारीच बसवलेत. ते खान्देशात आले नसतील बहुधा, पण आले असते तर बदल केला नसता.

काउंटरमागून मला दिसतं ते एवढंच. ज्यांना गालावर वांग आहे त्यांचा वांग उष्णतेने गडद होतो, खोलीत ऊन नसलं तरी. मलाही आहे, म्हणून आठ दिवसांवर थांबले. दुसरं म्हणजे नायटा. ओले कपडे तसेच ठेवून स्कूटीवर घरी, कुणाची तरी मॅट, आणि पंधरा दिवसांनी जांघेत चट्टे. मग कुणीतरी सांगितलेली स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब मागायला येतात. नाही म्हटलं की समोरच्या दुकानात जातात. त्या ट्यूबने आधी बरं वाटतं, मग तो असा पसरतो की डॉक्टरच्या नाकी नऊ येतात. स्वतःची मॅट, कोरडे कपडे, एवढं केलंत तरी पुष्कळ.

आणि तुमच्याच पहिल्या मुद्द्याकडे परत येते, कारण तो मला सर्वांत पटला. ऊन हा खरा चोर आहे ना? मग तुमची मे मधली बॅच संध्याकाळी पाचची का? लाल झालेला चेहरा घेऊन उन्हात जायचं, पुन्हा यायचं. ऑस्ट्रेलियात नांबूर नावाच्या गावी ९०३ माणसांवर साडेचार वर्षं प्रयोग झाला, निकाल २०१३ मध्ये आला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या कातडीवर वयाच्या खुणा, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी. स्वस्त, कंटाळवाणं, आणि आमच्या दुकानात ते वांग उमटल्यावरच मागितलं जातं. स्कार्फ तुम्ही बांधतच असाल. जळगावातल्या पोरींनी त्या बाबतीत साऱ्या महाराष्ट्राला शिकवावं.

‘मग मी क्लास सोडू का?’ हे तुम्ही रागाने विचारलंयत, पण मी सरळ उत्तर देते. सोडू नका. थंडीत, तब्येत ठणठणीत असेल, बीपीच्या गोळ्या किंवा दिवस गेलेले नसतील, तर खुशाल करा. आधी-नंतर पाणी, आणि पाण्याबरोबर मीठ-साखर. चक्कर, मळमळ वाटली तर मास्तर काहीही म्हणोत, बाहेर येऊन बसायचं. आमच्या बॅचमध्ये पाचव्या दिवशी एक बाई भिंतीला टेकून खाली बसल्या, तर त्यांना ‘शरीर शुद्ध होतंय, थांबू नका’ असं सांगण्यात आलं. मी त्यांना हाताला धरून जिन्यात आणलं. होळीनंतर मात्र तीच आसनं पहाटे गच्चीवर करा. सव्वीसच्या सव्वीस.

आईला मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती दाराशी शेंगा निवडत होती. हात न थांबवता अहिराणीत म्हणाली, ‘लोके पैसा दिसन (देऊन) घाम काढतस?’ आणि पदराने तोंड पुसलं.

डिसेंबरच्या लेखातलं कपाशीवालं उदाहरण आणि ‘उष्णतेने कातडी म्हातारी होते’ हे वाक्य मी आज काढून टाकलं आहे, आणि तिथे तुमच्या प्रतिक्रियेमुळे काढल्याचं लिहिलंय. भुसावळकरांवरचा टोमणा ठेवलाय. तो घरचा आहे.