तेल कुठलं वापरतेस गं?

आज दुपारी परळच्या एका रुग्णालयात, अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसलेल्या माझ्या वहिनीला भेटायला आलेल्या एका मावशींनी हातातले शहाळे खाली ठेवायच्या आधी विचारले, "तेल कुठलं वापरतेस गं?" वहिनी म्हणाली, "घाण्याचं, मावशी. तिघांना महिन्याला लिटरभरसुद्धा लागत नाही." एवढे बोलून तिने पदर तोंडाला लावला आणि ती रडू लागली. मावशींचे समाधान मात्र झाले नव्हते, कारण त्यांनी लगेच बाहेरच्या खाण्याची चौकशी सुरू केली. मोठ्यांना उलट बोलायचे नाही या वळणामुळे मी तेव्हा गप्प राहिले. ते सगळे आता इथे लिहिते आहे.

माझा धाकटा भाऊ ४१ वर्षांचा आहे. परवा सकाळी दादर स्थानकाच्या पुलावर त्याच्या छातीत कळ आली आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या हृदयात दोन स्टेंट बसले होते. त्याची बॅग माझ्याकडे आली. रात्री वास येऊ नये म्हणून मी तीतला डबा उघडला, तर आत ज्वारीच्या दोन भाकऱ्या, दोडक्याची भाजी आणि मूठभर मोड आलेले मूग होते. झाकणाच्या आतून बोट फिरवून पाहिले, पण बोटाला ओशटपणासुद्धा लागला नाही. या माणसाने बारा वर्षांत वडापाव खाल्लेला नाही. मुंबईत राहून, रोज दादरला उतरून, कचेरीतल्या सगळ्यांसाठी स्वतः रांगेत उभे राहून गरम वडापाव आणायचे आणि मग आपला डबा उघडून दोडका खायचा, याला काय लागते ते मुंबईकरांना वेगळे सांगायला नको.

आमचे बाबा १९९३ साली गेले, तेव्हा ते ४३ वर्षांचे होते आणि भाऊ नऊ. दहाव्याला आलेल्या प्रत्येकाने बाबांच्या विडीला आणि रविवारच्या मटणाला दोष दिला. विडीबद्दल ते खरे बोलत होते, हे मान्य करते. भावाने मोठा होताना विडीला हात लावला नाही, मटण सोडले, पुढे तूप आणि अंडेही सोडले. दोष द्यायला काहीच उरले नाही, म्हणून आता तेलाच्या बाटलीची चौकशी.

बाबांच्या फोटोत त्यांच्या पापण्यांवर, नाकाच्या बाजूला, पिवळसर चट्टे दिसतात. आजी त्याला उष्णता म्हणायची. काल डॉक्टरांनी भावाच्या घोट्यामागची जाड झालेली शीर दाबून पाहिली आणि फोटो मागवून घेतला. चट्टे आणि ती शीर, दोन्ही एकाच आजाराच्या खुणा. त्याचे नाव फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, म्हणजे घराण्यातून उतरणारे चढे कोलेस्टेरॉल. शरीरातले बहुतेक कोलेस्टेरॉल ताटातून येत नाही, ते शरीर स्वतःच तयार करते, आणि रक्तातले एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, ओढून घेण्याचे काम यकृताच्या पेशींवरचे रिसेप्टर करतात. ज्याच्या जनुकातच दोष आहे त्याच्याकडे हे रिसेप्टर पुरेसे चालत नाहीत, मग त्याने भाकरी खाल्ली काय आणि बिर्याणी खाल्ली काय, रक्तातला साठा जन्मापासून चढाच राहतो. ही यंत्रणा उलगडल्याबद्दल ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल मिळाले. साधारण अडीचशे माणसांत एकाला हा दोष असतो, म्हणजे लोकलच्या एका गच्च भरलेल्या डब्यातही एखादा सापडावा. आई किंवा वडिलांकडून तो प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. माझ्यात तो उतरला नाही. मी बटाटेवडे खाते आणि माझा रिपोर्ट स्वच्छ येतो.

आता ज्याचा मला खरा राग आहे ते सांगते. भाऊ २९ वर्षांचा असताना त्याचे एलडीएल २४८ निघाले होते. डॉक्टरांनी स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी, गोळी लिहून दिली होती. तो म्हणाला, "गोळी नको, पथ्याने उतरवून दाखवतो." वर्षभर त्याने हा डबा खाल्ला आणि आकडा २१९ वर आला. आम्ही पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. काटेकोर पथ्याने दहा-पंधरा टक्के उतरते, त्यापुढे फारसे उतरत नाही, आणि त्याला तर निम्म्याहून खाली यायला हवे होते, हे आमच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हते आणि विचारायची गरजही वाटली नाही. गोळी घेणे म्हणजे हार, पथ्य पाळणे म्हणजे चारित्र्य, असेच आपल्याकडे समजतात. तो पुन्हा त्या डॉक्टरांकडे गेला नाही.

हे लिहिताना मावशींवरचा राग जरा ओसरतो आहे, कारण त्या बारा वर्षांत त्याला जवसाची चटणी बरणी भरभरून पाठवणारी मीच होते. "शाब्बास, गोळीशिवाय करून दाखवलंस," हा मेसेजही माझाच. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे.

पथ्य निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे नाही. फिनाइलकीटोन्युरियासारख्या काही आनुवंशिक विकारांत तर बाळाचा आहार वेळेवर बदलला की मेंदू वाचतो. भावाचा डबाही पुढे चालूच राहील, फक्त आता त्याच्या जोडीला रोज रात्री गोळी असेल. पण ज्याच्या रक्तातच ते आहे त्याच्या बायकोला बाकावर गाठून फोडणीचा हिशेब मागू नये, एवढे तरी आपल्याला जमायला हवे.

सोमवारी सात वर्षांच्या भाचीचे रक्त तपासायचे आहे. "रिपोर्ट वाईट आला, तर तिच्या डब्यातून काय काढू?" असे वहिनीने काल रात्री विचारले. मी म्हटले, डॉक्टर सांगतील तेवढेच, आजपासून काही काढू नकोस. आज सकाळी शाळेचा डबा मीच पिशवीत ठेवला. पोळी कोरडी होती.