'कन्सिडर'पुढचं 'ॲज' : एका सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर. इंग्रजीतल्या 'कन्सिडर' या क्रियापदापुढे 'ॲज' येतं का, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया इथे पुन्हा देतो, म्हणजे नव्या वाचकाला संदर्भ लागेल : "'कन्सिडर'नंतर 'ॲज' आलं की चूक, एवढं सांगून विषय संपतो. तुम्ही 'कधीकधी चालतं' म्हणून परीक्षेच्या तोंडावर मुलांच्या डोक्यात घोळ घालता. कुठल्या क्रियापदाला 'ॲज' लागतं आणि कुठल्याला नाही, याचा एका पानाचा तक्ता द्या. बाकी पाल्हाळ नको." आपण जुळे सोलापुरात क्लास घेता असंही लिहिलंय. तेव्हा दोन ओळींत उरकत नाही.

परीक्षेचं आधी सांगतो. 'ही इज कन्सिडर्ड ॲज द बेस्ट बोलर' असं वाक्य चूक शोधायला आलं, तर 'ॲज'वर खूण करायची. उत्तरतालिकेशी भांडून मार्क मिळत नाहीत. 'आय कन्सिडर हिम अ फ्रेंड' किंवा 'आय कन्सिडर हिम टू बी अ फ्रेंड' ही दोन्ही रूपं निर्धोक आहेत, मुलांनी तीच लिहावीत. मूळ लेखातही हेच होतं. तुम्ही त्याच्या पुढच्या परिच्छेदावर अडलात.

त्या परिच्छेदातलं एक अक्षरही मागे घ्यावंसं वाटत नाही. 'कन्सिडर'चे अर्थ दोन. एक, मानणं. दुसरा, एखाद्या गोष्टीचा एका अंगाने विचार करणं. दुसऱ्या अर्थाला 'ॲज' लागतंच. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस घ्या. 1938 साली पाच डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, 1942 मध्ये तिथेच वारले. त्यांच्यावर निबंध लिहिताना मुलाने लिहिलं, 'लेट अस कन्सिडर कोटणीस फर्स्ट ॲज अ सर्जन अँड देन ॲज अ टीचर', तर त्यातलं कुठलं 'ॲज' खोडणार? एक जरी काढलं तरी वाक्य कोसळतं. 'कन्सिडर'ला 'ॲज' कधीच लागत नाही हा नियम गाइडवाल्यांच्या सोयीचा आहे, इंग्रजीचा नाही. 'मानणं' या अर्थानेही इंग्रजी मातृभाषा असलेले लोक 'कन्सिडर ॲज' लिहीत आलेत. काही संपादक ते खोडतात, काही सोडून देतात.

आता तक्ता. क्रियापदांचे साचे, म्हणजे कुठल्या क्रियापदापुढे काय येतं याचे नमुने, क्रमांक देऊन मांडण्याचं काम इंग्रज कोशकार ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये शिकवत असताना केलं. त्यांचा शब्दकोश 1942 साली टोकियोत छापला गेला. पण हॉर्नबींनी साच्याचा क्रमांक क्रियापदाच्या नोंदीत, अर्थाला आणि उदाहरणाला धरून दिला. आपल्याकडच्या झेरॉक्स तक्त्यांमध्ये अर्थ गळाला, उदाहरण गळालं, आणि 'ॲज लागतं' व 'ॲज लागत नाही' अशा दोन उभ्या रांगा उरल्या. मुलं त्या पाठ करतात आणि निबंधात बिनधास्त 'ही इज कॉल्ड ॲज' लिहितात.

ही चूक का होते, ते सोलापुरात बसून जितकं कळतं तितकं पुण्यात कळत नसेल. वर्गात मराठी घरातला मुलगा असतो, कन्नड घरातला असतो, तेलुगू बोलणाऱ्या विणकराच्या घरातला असतो. तिघंही तेच लिहितात. आपण 'राजू म्हणून हाक मारतात' म्हणतो. कन्नडात त्या 'म्हणून'च्या जागी 'अंत' येतं, तेलुगूत 'अनि'. बाजारातल्या हिंदीतही 'राजू करके एक लडका है' असतंच. चारही ठिकाणी नावाच्या शेपटाला एक शब्द चिकटलेला. मुलाला इंग्रजीतही तिथे काहीतरी हवंसं वाटतं आणि 'ॲज' हाताशी असतं. 'सर, आपण म्हणतो की वो तसंच,' असं मला एकाने सरळ ऐकवलं, आणि त्याचं निदान अचूक होतं. 'नोन ॲज'मध्ये ते नेमकं बसतंही, त्यामुळे भरवसा आणखी वाढतो. 'कॉल'मध्ये मात्र नाव थेट येतं : 'दे कॉल हिम राजू.' 'डीम' (मानणं) याचंही तसंच. या मुलाला तक्ता देऊन काय होणार? तुझ्या तोंडातला 'म्हणून' इथे आडवा येतोय, एवढं सांगितलं की तो स्वतःच सावध होतो.

'डिस्क्राइब' आणि 'रिगार्ड' तुम्ही एका रांगेत बसवले असते, कारण दोघांनाही 'ॲज' लागतं. साचा एक, पण काम अगदी वेगळं. सोलापूरचंच उदाहरण घ्या. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी झाली. 'द गव्हर्नमेंट डिस्क्राइब्ड देम ॲज मर्डरर्स. सोलापूर रिगार्ड्स देम ॲज मार्टर्स.' पहिल्या क्रियापदात कुणीतरी बोललेलं किंवा लिहिलेलं असतं, आणि त्या बोलण्याची जबाबदारी बोलणाऱ्यावर राहते. दुसऱ्यात मनात धरलेलं असतं, तोंडाने उच्चारलं नाही तरी चालतं. दोन्हींच्या जागा बदलून बघा, वाक्य कसं लुळं पडतं ते. दोघांनाही 'टू बी' चालत नाही, हे जाता जाता. आणि चुकून मानलं असेल तर 'ॲज' नव्हे, 'फॉर' येतं : 'ही मिस्टुक मी फॉर द डॉक्टर.'

परीक्षेत मार्क खरे कुठे जातात म्हणाल, तर कर्मणी रचनेत. 'थिंक ऑफ', 'लुक अपॉन', 'रेफर टू' यांना स्वतःचं शब्दयोगी अव्यय आधीच आहे. वाक्य उलटलं की ते 'ॲज'ला येऊन भिडतं : 'ही इज लुक्ड अपॉन ॲज अ लीडर', 'शी इज रेफर्ड टू ॲज ताई.' दोन चिमुकले शब्द शेजारी दिसले की मुलांना संशय येतो आणि ती एक उडवतात, बहुतेक वेळा पहिला. 'ही इज लुक्ड ॲज अ लीडर' असं हमखास होतं. तुमच्या क्लासात एक तास द्यायचाच असेल तर यावर द्या, 'कन्सिडर'वर नको.

'स्ट्राइक' तर तक्त्यात मावणारच नाही. 'ही स्ट्राइक्स मी ॲज ऑनेस्ट', म्हणजे तो मला प्रामाणिक वाटतो, यात प्रामाणिक कोण? 'मी' नव्हे, 'ही'. 'आय रिगार्ड हिम ॲज ऑनेस्ट'मध्ये 'ॲज'नंतरचा गुण कर्माचा असतो, इथे तो कर्त्याला जाऊन चिकटतो. रांगेत दोघं शेजारी बसले तरी अर्थ उलट्या दिशेने चालतो.

शेवटी तुम्ही विचारलंय, 'ही वॉज अपॉइंटेड ॲज द प्रिन्सिपल' बरोबर की चूक. 'अपॉइंट'ला 'ॲज' ठेवा किंवा काढा, दोन्ही चालतं. 'इलेक्ट'चंही तसंच. एकाच माणसाचं पद असेल तर 'द' नसणं जास्त रुळलेलं आहे, म्हणून फळ्यावर 'ही वॉज अपॉइंटेड प्रिन्सिपल' लिहा.