‘पातळ तेल घालून फसवलं’ या एक स्टारच्या अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय पूर्ण वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून त्यातला गाभा आधी सांगतो. तुमच्या क्रेटन 6एस या रिमोटवर चालणाऱ्या ट्रकच्या तिन्ही डिफमध्ये (डिफरन्शियल, म्हणजे चाकांत ताकद वाटणारी गिअरची डबी) 5 लाखांचं तेल भरा असं तुम्ही सांगितलं होतं. हा आकडा पैशांचा नाही, तेलाच्या घट्टपणाचा: आकडा जितका मोठा तितकं तेल घट्ट. आम्ही पुढे 20 हजार, मध्ये 2 लाख आणि मागे 10 हजार भरलं. चढावर गाडी अजूनही पुढची चाकं नुसती फिरवते. आमचं 10 हजारांचं तेल मित्राकडच्या दुसऱ्या कंपनीच्या 10 हजारांपेक्षा पातळ दिसलं, म्हणून त्यात भेसळ आहे असं तुमचं म्हणणं. मग घरी तुम्ही पुढचा डिफ उघडून त्यात 5 लाखांचं तेल वरून ओतलंत आणि आता तिथून गळतंय. यासाठी एक स्टार, आणि पैसे परत.

चढावरच्या चाकांपासून सुरुवात करतो, कारण बाकीचं सगळं तिथूनच सुरू झालंय. तुम्ही लिहिलंय, ‘पुढची दोन्ही चाकं फिरतात’. यातला ‘दोन्ही’ महत्त्वाचा. पुढच्या डिफचं काम फक्त पुढच्या डाव्या आणि उजव्या चाकात ताकद वाटायचं. पुढे किती आणि मागे किती हे मधला डिफ वाटतो. दोघांतलं एकच चाक हवेत भिरभिरत असेल आणि दुसरं थंड बसलं असेल, तर दोष पुढच्या डिफच्या पातळ तेलाला देता येईल. दोन्ही एकदम फिरतात याचा अर्थ मोटरची ताकद मधल्या डिफमधूनच पुढे निसटतेय. चढावर वजन मागे जातं, नाक हलकं होतं आणि ताकद जिथे कमी अडेल तिकडे पळते. तेव्हा पुढच्या डिफमध्ये 5 लाख घाला नाहीतर काँक्रीट ओता, ही दोन चाकं फिरायची ती फिरणारच. औषध मधल्या डिफला हवं होतं.

म्हणूनच मध्ये 2 लाख भरलं होतं. रेसच्या वन-एट्थ बग्गीवाल्यांना (खऱ्या गाडीच्या एक-अष्टमांश मापाच्या रिमोट गाड्या) विचारलंत तर ते 5-7-3 किंवा 7-7-5 असले आकडे सांगतील: पुढे, मध्ये, मागे, सगळे हजारांत. त्यांच्या ट्रॅकवर वळणं बारीक आणि गाडी हलकी. आपली बॅशिंगची, म्हणजे खडबडीत जागी उधळायची, जड ट्रक, म्हणून मधला आकडा एकदम लाखांत जातो. मुरमाच्या टेकडीसाठी 2 लाख कमी वाटत असेल तर 3 लाख किंवा थेट 5 लाख करू, मध्ये माझी काहीच हरकत नाही. एक मात्र लक्षात ठेवा. मधला जितका घट्ट, तितकी गाडी थ्रॉटलला नाक उचलणार. आणि सुट्या मुरमावर चारही चाकं एकदम घसरत असतील तर तो प्रश्न टायरचा आहे, तिथे तेल काहीही करू शकत नाही.

पुढे आणि मागे 5 लाख भरायला मी काउंटरवरच नाही म्हटलं होतं, आणि आजही नाहीच म्हणेन. तुम्हीच सांगितलं होतंत की गाडी अर्धा वेळ टेकडीवर आणि अर्धा वेळ सोसायटीच्या पार्किंगमध्ये चालते. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. ते कापू द्यायचं हे डिफचं मूळ काम. डिफच्या आत क्रॉस पिनवर (आडव्या दांड्यावर) छोटे बेव्हल गिअर असतात. दोन चाकांच्या वेगात फरक पडला की ते तेलातून फिरतात, आणि तेल जितकं घट्ट तितका त्यांना अडथळा. 5 लाखांच्या तेलात ते जवळपास अडकूनच बसतात. मुरमावर चाक जरा घसरून हा फरक भरून काढतं. काँक्रीटवर टायर घसरायला तयार नसतो, तेव्हा सगळा ताण ड्राइव्हशाफ्ट, आउटड्राइव्ह आणि रिंग-पिनियन या चाकांपर्यंत ताकद नेणाऱ्या भागांवर येतो. पुढचा असा जाम असेल तर थ्रॉटल सोडल्यावर गाडी वळायला नाही म्हणते. मागचा जाम असेल तर ढिल्या जमिनीवर वळणात थ्रॉटल दिला की शेपूट बाहेर फेकते. मागे सर्वांत पातळ तेल ठेवतात ते याचसाठी.

तुमच्या मित्राने व्हिडिओ दाखवला तो टीआरएक्स-4 चा होता ना? ती क्रॉलर आहे. तिच्यात रिमोटवरून डिफ लॉक करायची सोयच दिलेली असते, कारण तिला दगडावर चालण्याच्या वेगाने चढायचं असतं. तिचा सल्ला 6एस (सहा सेलच्या) बॅटरीवर उधळणाऱ्या ट्रकला लावू नका. जाता जाता इतर वाचकांसाठी एक गोष्ट: क्रेटन 4एस वेगळी गाडी आहे. तिच्यात मध्ये डिफ नाही, स्लिपर क्लच (जास्त जोर आला की घसरणारा क्लच) आहे. स्लॅश फोर बाय फोरचंही कंपनीतून येताना तसंच असतं. ‘मधल्या डिफचं तेल द्या’ म्हणून या गाड्यांचे मालक दुकानात येतात आणि रिकाम्या हाताने परत जातात. मधला डिफच नाही तर तेल कुठे भरायचं?

आता भेसळीबद्दल. हा आरोप मात्र मला लागला. बाटलीवरचा 10 हजार हा आकडा सेंटीस्टोक या मापातला. पाणी साधारण 1 सेंटीस्टोक, त्यावरून अंदाज घ्या. पण प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने आकडा छापते. काही कंपन्या डिफच्या तेलावरही ‘वेट’ लिहितात, आणि शॉक अॅब्सॉर्बरच्या तेलाचं ‘वेट’ म्हणजे आणखी तिसराच हिशेब. बऱ्याच कंपन्यांचं 30 वेट शॉक ऑइल जेमतेम साडेतीनशे सेंटीस्टोकच्या आसपास असतं. त्यामुळे दोन कंपन्यांच्या 10 हजारांत डोळ्याला फरक दिसणं ही रोजची गोष्ट आहे. म्हणून एका गाडीत एकाच कंपनीचं तेल वापरा, म्हणजे आकड्यांची आपसात तुलना तरी होते. त्यात तापमानाची भर. सिलिकॉन तेल साध्या खनिज तेलापेक्षा उष्णतेला कमी बधतं, तरी बधतंच: 38 अंशांवर जेवढा घट्टपणा असतो, त्याच्या साधारण 40 टक्केच 99 अंशांवर उरतो. आमची बाटली तुम्ही एप्रिलमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवरून घरी नेलीत आणि मित्राची एसी खोलीत होती, हे तुम्हीच अभिप्रायात लिहिलंय. दोन्ही बाटल्या एक रात्र एकाच खोलीत ठेवा आणि मग उलट्या करून बघा. आमचं तेल सीलबंद बाटलीतून, तुमच्यासमोर, तुमच्या डिफमध्ये गेलं होतं.

गळतीचं कारण तुमच्या ‘वरून भरलं’ या शब्दांतच आहे. डिफ गच्च भरायचा नसतो. तेल क्रॉस पिन बुडेल इतकं, वर थोडी हवा मोकळी. गाडी चालली की तेल तापून फुगतं. हवेला जागा नसेल तर ते सीलमधून किंवा गॅस्केटमधून वाट काढतं. एकदा दाबून बसलेला कागदी गॅस्केट उघडून पुन्हा तसाच लावला तर तो हमखास धरेल असंही नाही. बाटली ओतून लगेच झाकण लावलं असेल तर आणखी घोळ: 5 लाखांचं तेल काकवीपेक्षाही सावकाश बसतं, बुडबुडे वर यायला तास लागतात, आणि वरून भरलेला दिसणारा डिफ आत अर्धा पोकळ असू शकतो. आम्ही भरल्यावर डिफ वजनकाट्यावर ठेवतो आणि आकडा जॉबकार्डावर लिहितो, तो याचसाठी. तुमच्या जॉबकार्डाची प्रत तुमच्याकडे आहे. गळणारा डिफ काढून वजन करा, ताबडतोब समजेल.

आणि ज्यासाठी हा सगळा उद्योग केलात ते मिळालंही नाही. तीन भाग 20 हजार आणि एक भाग 5 लाख मिसळलं की सरळ सरासरीने 1 लाख 40 हजार यायला हवं, असं वाटतं. तेलाचा घट्टपणा असा बेरजेने वाढत नाही, पातळ तेलाचाच वरचष्मा राहतो. हे मिश्रण 45 हजारांच्या आसपास बसतं. म्हणजे तुम्ही पार्किंगमधलं वळण बिघडवलंत आणि टेकडीवरचा प्रश्न होता तिथेच राहिला.

पैशांबद्दल स्पष्ट सांगतो. भरलेल्या तेलाचे आणि मजुरीचे पैसे परत मिळणार नाहीत, कारण काम ठरल्याप्रमाणे झालं होतं आणि डिफ नंतर तुम्ही उघडलात. पण गाडी घेऊन या. पुढचा डिफ तुमच्यासमोर उघडून साफ करू, नवा गॅस्केट घालू आणि पुन्हा 20 हजार भरू. मजुरी नको, फक्त गॅस्केट आणि तेलाचे पैसे द्या. बेव्हल गिअरचे दात किंवा आउटड्राइव्ह झिजले असतील तर आधी दाखवू, तुम्ही हो म्हणाल तरच बदलू.

येण्याआधी घरी एक तपासणी करून बघा. गाडी स्टँडवर ठेवा, मधला स्पर गिअर (मोटर ज्याला फिरवते तो मोठा गिअर) हाताने घट्ट धरा आणि पुढचा एक टायर फिरवा. दुसऱ्या बाजूचा पुढचा टायर उलटा फिरायला हवा, आणि हाताला सारखा, सलग जोर लागायला हवा. मध्येच अडखळलं किंवा टकटक झालं तर तेलाचा विषय सोडा, गिअर बघावे लागतील आणि गाडी तोवर चालवू नका.

सोमवारी दुकान बंद असतं. इतर दिवशी दुपारी चारनंतर या, तेव्हा बेंच मोकळा असतो. आणि ती उरलेली 5 लाखांची बाटली फेकू नका, सोबत आणा. बाकीच्या तेलाच्याच कंपनीचं असेल तर मधल्या डिफमध्ये तेच भरू, नव्या बाटलीचे पैसे वाचतील.