दिल्ली-काठमांडू, पृथ्वीचं फिरणं आणि मावशीचं आधार कार्ड

मावशी पशुपतिनाथाला निघालीय. परवा तिची बॅग बघितली, तर सगळ्यात वर प्लॅस्टिकच्या पाकिटात आधार कार्ड आणि त्याच्या तीन झेरॉक्स. "पासपोर्ट नाही लागत रे, भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलंय."

काय आलंय, तर हे: दिल्ली ते काठमांडू विमानाने 1,150 किलोमीटर. जाताना दोन तास, येताना दीडच, कारण पृथ्वी पूर्वेकडे फिरते. विमान एव्हरेस्टवरून जातं. आधार दाखवलं की झालं. खाली हात जोडलेले चार इमोजी.

आधी आधार, कारण याच चुकीने माणूस विमानतळावरून परत घरी येतो. व्हिसा लागत नाही आणि पासपोर्टच हवा असंही नाही, इथवर ठीक. पण विमानाने जायचं तर पासपोर्ट नाहीतर निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतंच. केंद्रीय गृह मंत्रालयाने जानेवारी 2019 मध्ये आधारला मुभा दिली ती 15 वर्षांखालच्या आणि 65 वर्षांवरच्या लोकांना. मंडळातल्या सत्तरीच्या काकांचं काम आधारवर झालं असेलही. मावशी 58 ची आहे!

आता ते पृथ्वीचं फिरणं. जमिनीबरोबर हवाही फिरते हो, आणि विमान त्या हवेतच असतं. फिरत नसती तर? दिल्लीच्या अक्षांशावर जमीन ताशी साधारण 1,470 किलोमीटर वेगाने पूर्वेला सरकते आणि विमान धावतं आठशेच्या आसपास. म्हणजे काठमांडूकडे तोंड करून उडालेली मावशी पावणेदोन तासांत मागे मागे जात बलुचिस्तानात उतरली असती.

खरी गोष्ट घड्याळातली आहे. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा 15 मिनिटं पुढे. गौरीशंकर शिखराच्या रेखावृत्तावरून त्यांनी 1986 मध्ये ही वेळ ठरवली. तिकिटावर प्रत्येक ठिकाणची स्थानिक वेळ छापतात. प्रवास दोन्हीकडे पावणेदोन तासांचा धरा. दिल्लीहून 10 ला निघालात की तिथे 12 वाजलेले दिसतील; तिथून 2 ला निघालात की दिल्लीत साडेतीन. झाले तुमचे दोन तास आणि दीड तास. उलट हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोराचे वारे असतात, त्यामुळे हवेतला वेळ जातानाच थोडा कमी लागतो.

1,150 हा आकडा रस्त्याचा असावा. हवाई अंतर सरळ रेषेत सुमारे 815 किलोमीटर आहे. आणि एव्हरेस्ट काठमांडूच्याही पूर्वेला, दीडशेहून जास्त किलोमीटरवर. दिल्लीहून येणारं विमान तिथवर जाईल कशाला? जाताना डावीकडची खिडकी घ्या, आकाश स्वच्छ असेल तर धौलागिरी-अन्नपूर्णा दिसतील. तेवढं पुरे.

एक मात्र नाइलाजाने मान्य करतो. जाताना कधीकधी जास्त वेळ लागतो, तो खरोखरच. त्रिभुवन विमानतळाला धावपट्टी एकच, चहूबाजूंनी डोंगर. गर्दी झाली की विमानं घिरट्या घालत बसतात. हिवाळ्यातल्या सकाळी धुकं असलं तर विचारूच नका.

हे सगळं मावशीला सांगितलं. मतदार ओळखपत्र लोखंडी कपाटात साड्यांच्या घडीखाली सापडलं. मग म्हणाली, "पण घड्याळ पुढे करायचं की मागे?"

पुढे, मावशी. उतरल्यावर.