पांढरा क्रौंच आणि उस्ताद मन्सूर

भारतातील पक्षिअभ्यासाचा इतिहास सांगायला बसलेला माणूस बहुधा ईस्ट इंडिया कंपनीच्या हौशी अधिकाऱ्यांपासून सुरुवात करतो, मग पक्षितज्ज्ञ ए. ओ. ह्यूमवर येतो, तिथून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीवर आणि शेवटी सालिम अलींवर. मध्यंतरी आमच्या पक्षिमित्रांच्या गटात असेच एक व्याख्यान झाले. व्याख्याते अभ्यासू होते, बोललेही छान. फक्त मोगल काळ त्यांनी "दरबारी चित्रे वगैरे" एवढ्यावर निकालात काढला. तेव्हापासून हे लिहायचे मनात होते. जहांगीर बादशहाच्या पदरी असलेला उस्ताद मन्सूर हा आपल्याकडचा पहिला मोठा पक्षिचित्रकार होता, याबद्दल फारसे दुमत नाही. माझे म्हणणे त्याच्या एक पाऊल पुढचे आहे: त्याची चित्रे कलेच्या दालनात जेवढ्या आदराने लावली जातात, तेवढ्याच आदराने ती निसर्गाच्या नोंदी म्हणूनही वाचली पाहिजेत.

मन्सूरची सुरुवात अकबराच्या चित्रशाळेत झाली. बाबराच्या आत्मचरित्राचा फारसी अनुवाद अब्दुर्रहीम खानखानानने 1589 मध्ये पूर्ण केला आणि त्याच्या सचित्र प्रती तयार होऊ लागल्या, तेव्हा त्यांतील प्राण्यापक्ष्यांची काही चित्रे मन्सूरकडे आली. तो स्वतःला 'नक्काश' म्हणवून घेई. नक्काश म्हणजे हाशिये, वेलबुट्टी आणि पानांवरचे सोनेरी काम करणारा कारागीर. खारीच्या केसांच्या कुंचल्याने वेलीचे टोक न् टोक सारख्याच निगुतीने काढण्याची ज्याच्या हाताला वर्षानुवर्षे सवय झाली आहे, तो माणूस पुढे पिसाकडे वळला तर काय होईल, हे त्याच्या चित्रांत दिसते.

जहांगीर गादीवर आल्यावर या हाताला योग्य धनी मिळाला. 1612 मध्ये मुकर्रब खान हा सरदार बादशहाच्या हुकमावरून गोव्याला गेला आणि पोर्तुगीजांकडून मागाल ती किंमत मोजून नवलाईच्या वस्तू घेऊन आला. त्यांत एक टर्की होता. (पोर्तुगीज या पक्ष्याला 'पेरू' म्हणतात.) या पक्ष्याचे जहांगीरने आपल्या आठवणींत केलेले वर्णन मुळातून वाचावे असे आहे. आकाराने लांडोरीपेक्षा मोठा आणि मोरापेक्षा लहान. माजावर आला की डोके आणि मान पोवळ्यासारखी लाल होते, थोड्या वेळाने तोच भाग कापसासारखा पांढरा पडतो, कधी निळसर दिसतो. डोक्यावरचा मांसाचा तुकडा कधी हत्तीच्या सोंडेसारखा वीतभर खाली लोंबतो, तर कधी आखडून गेंड्याच्या शिंगासारखा दोन बोटे उरतो. डोळ्यांभोवतीचा निळा रंग मात्र बदलत नाही. हे शेवटचे वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते. सगळे बदलत असताना काय बदलत नाही याकडे ज्याचे लक्ष जाते, तो नुसता हौशी राजा नसतो.

त्याच ठिकाणी जहांगीरने असेही लिहून ठेवले आहे की, बाबराने आपल्या आठवणींत प्राण्यांची वर्णने केली, परंतु त्यांची चित्रे काढण्याचा हुकूम त्याने चित्रकारांना कधी दिला नव्हता. आपण वर्णनही लिहिले आणि चित्रेही काढवून घेतली. शब्द आणि चित्र एकमेकांशेजारी ठेवण्याची ही पद्धत आजच्या कोणत्याही पक्षिमार्गदर्शिकेची पद्धत आहे. मन्सूरने काढलेला तो टर्की आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

याहून बोलका प्रसंग काश्मीरचा आहे. 1620 मध्ये सुखनागच्या प्रवाहाकाठी जहांगीरला एक लहानसा पक्षी दिसला. तो पाण्यात बुडी मारून बराच वेळ आत राही आणि भलत्याच ठिकाणी वर येई. बादशहाला प्रश्न पडला, याचे पाय बदकासारखे पडद्याचे असतात की जमिनीवरच्या पक्ष्यांसारखे सुटे? त्याने पक्षी पकडून आणवले. दोन हाती लागले. एक लगेच मेला, दुसरा दिवसभर जगला. पाय पाहिले, तर बोटांत पडदा नव्हता. मग मन्सूरला त्याचे चित्र काढायला सांगितले. पाण्याखाली खडकांवरून चालत किडे टिपणारा डिपर ज्यांनी हिमालयातल्या ओढ्यांवर पाहिला आहे, त्यांना हा प्रश्न किती नेमका होता ते कळेल. आधी प्रश्न, मग तपासणी, मग लेखी नोंद आणि शेवटी चित्र, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. (त्या दोन जिवांचे वाईट वाटते, ते वाटावेच, पण पुढच्या तीनशे वर्षांतील पक्षिशास्त्र बंदुकीच्या जोरावरच उभे राहिले, हेही विसरू नये.) त्याच काश्मीरवारीत मन्सूरने शंभराहून अधिक फुले रंगवली, असे बादशहा लिहितो. त्यांतली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत.

इराणच्या शाह अब्बासने पाठवलेल्या एका ससाण्याची गोष्टही अशीच आहे. वाटेत निष्काळजीपणामुळे मांजराने त्याला जायबंदी केले आणि दरबारात पोहोचल्यावर काही दिवसांतच तो मेला. बादशहाने मन्सूरला सांगितले की, याचे चित्र काढून ठेव. 'नादिर-उल-अस्र', म्हणजे आपल्या काळातला अजोड, ही पदवी मन्सूरला तोवर मिळालेली होती. अकबराच्या आणि आपल्या कारकिर्दीत अबुल हसन आणि मन्सूर या दोघांच्या तोडीचा तिसरा झाला नाही, असा निर्वाळा खुद्द जहांगीरने दिला आहे.

आता कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधील त्या चित्राकडे येतो, ज्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली. सायबेरियन क्रौंच. चित्र काढणाऱ्यांना ठाऊक असेल की, पांढरा पक्षी रंगवणे हे सर्वांत अवघड काम असते, कारण रंगाचा आधार नसतो आणि आकार केवळ पिसांच्या कडांवर उभा करावा लागतो. मन्सूरने चेहऱ्यावरची लाल, उघडी, सुरकुतलेली कातडी काढली आहे आणि डाव्या पायाच्या नखांना चिकटलेली बारीक पिसेही काढली आहेत. ती पिसे काढायला त्याला कोणी सांगितले नसणार. ती चित्राची शोभा वाढवत नाहीत, उलट थोडी कमीच करतात. पण समोरच्या पक्ष्याच्या पायाला ती होती, म्हणून कागदावर आली.

इथे एक सावधगिरीचा शब्द लिहायला हवा. व्हॉट्सॲपवर अधूनमधून एक मजकूर फिरतो की, सायबेरियन क्रौंचाचा 'शोध' युरोपीयांच्या आधी मन्सूरने लावला. क्रौंचाचे शास्त्रीय नामकरण निसर्गशास्त्रज्ञ पॅलासने 1773 मध्ये केले, आणि मन्सूरनेच रंगवलेल्या बंगालच्या तणमोराचे (आपल्या माळरानावरच्या तणमोराचा हा मोठा भाऊबंद) ग्मेलिनने 1789 मध्ये. मन्सूरची दोन्ही चित्रे त्याच्या सुमारे दीड शतक आधीची आहेत, एवढे निर्विवाद. परंतु शास्त्रीय शोधासाठी नोंद दुसऱ्यांना पाहता, ताडून बघता आणि खोडून काढता यावी लागते. मन्सूरची चित्रे बादशाही ग्रंथालयात गेली, पुढे लुटीत आणि विक्रीत पांगली. त्यांचा कोणा अभ्यासकाला त्या काळी काही उपयोग झाला नाही. मन्सूरचा मोठेपणा सांगण्यासाठी पॅलासला खाली खेचण्याची गरज नाही. दोष असेलच तर ज्ञान पेटीत बंद ठेवणाऱ्या दरबारी व्यवस्थेचा आहे, आणि याबाबतीत आपण आजही फार बदललो आहोत असे मला वाटत नाही.

पेटीतून बाहेर आल्यावर अशा चित्रांचे काय मोल होते, याचे उदाहरण डोडोचे आहे. रशियात सेंट पीटर्सबर्गला असलेल्या एका मोगल चित्रात इतर पक्ष्यांच्या मधोमध मॉरिशसचा डोडो उभा आहे. चित्रावर सही नाही, पण ते मन्सूरचे मानले जाते. सतराव्या शतकातच हा पक्षी नामशेष झाला. युरोपातील पुष्कळ चित्रांत तो फुगलेल्या हंसासारखा दिसतो. या मोगल चित्रातला तपकिरी डोडो मात्र जिवंत पक्ष्यावरून काढलेला असावा म्हणून अभ्यासक त्याला पुरावा मानतात.

सालिम अलींनी ही परंपरा ओळखली होती. मोगल बादशहांच्या निसर्गनिरीक्षणावर त्यांनी 1927 पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेखमाला लिहिली. जहांगीरने लैला आणि मजनू नावाच्या सारस जोडीचे केलेले निरीक्षण वाचावे: रात्रभर मादी अंड्यांवर बसते, नर शेजारी उभा राहून राखण करतो, आणि दिवस उजाडला की चोचीने तिची पाठ खाजवून तिला उठवतो व स्वतः बसतो. आपल्या गोंदियात धानाच्या बांध्यांमध्ये सारसाची घरटी राखणाऱ्या तरुणांना हे वर्णन मुळीच परके वाटणार नाही.

सायबेरियन क्रौंच मी कधी पाहिला नाही. राजस्थानातल्या भरतपूरच्या पक्षी अभयारण्यात तो 2002 नंतर आलेलाच नाही. मी गेलो तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. तिथले सायकलरिक्षावाले पक्ष्यांचे उत्तम जाणकार असतात. माझा रिक्षावाला साठीचा होता आणि त्याने ते क्रौंच कित्येक हिवाळे पाहिले होते. बांधावर चहा पिताना मी त्याला मोबाइलवर मन्सूरचे चित्र दाखवले. चारशे वर्षांपूर्वीचे आहे, हे मुद्दाम सांगितले नाही. त्याने चष्मा वर केला, दोन बोटांनी चित्र मोठे केले, चेहऱ्यावरून खाली पायापर्यंत आला आणि तिथेच थांबला. मग म्हणाला, "जिसने बनाया है, बहुत पास बैठा होगा."