अंधाऱ्या खोलीला ब्लॅकआऊट पडदे कसले विकता?

पडद्याच्या दुकानात जाऊन एवढंच सांगायचं, "खोलीत उजेड कमी येतो, आहे तो अडणार नाही असं काहीतरी दाखवा." लगेच समोर येतं ब्लॅकआऊट. मागे रबरी थर दिलेलं, जाडजूड, मेंदी नाहीतर चॉकलेटी रंगाचं. "मॅडम, आता सगळे हेच नेतात. ऊन अजिबात येत नाही." अहो, ऊन येतच नाही म्हणून तर तुमच्या दारात आले! समोरच्याचं पुरतं ऐकून तरी घ्या.

आमची इमारत मुंबईच्या उपनगरातली, पुनर्विकास झालेली. घर दुसऱ्या मजल्यावर. बेडरूमच्या खिडकीसमोर शेजारच्या टॉवरच्या पार्किंगची भिंत, हॉलच्या खिडकीसमोर दुसऱ्यांचं स्वयंपाकघर. भर दुपारी ट्यूब लावल्याशिवाय तांदूळ निवडता येत नाहीत. उष्ण-दमट हवेत राहत्या खोलीच्या क्षेत्रफळाच्या निदान 1/6 खिडकी असावी, असं नॅशनल बिल्डिंग कोड सांगतो. आमची आहे तेवढी. पण इमारतीभोवती सोडायच्या मोकळ्या जागेची कमतरता महापालिकेला प्रीमियम, म्हणजे जादा शुल्क, भरून माफ करून घेता येते, आणि खिडकीसमोर आकाशच नसेल तर ती केवढीही मोठी असो, उजेड येणार कुठून? बिल्डरवरचा राग वेगळा आहे, तो कधीतरी सविस्तर काढीन. ती भिंत माझ्याच्याने हलणार नाही. पण खिडकीवर काय लावायचं ते तर माझ्या हातात आहे ना? तिथेही कुणी धड सल्ला देऊ नये?

माप घ्यायला माणूस आला. खिडकी 4 फूट, म्हणून त्याने रॉड लिहिला 4 फूट. आता जरा हिशोब करा. पडदा पूर्ण सरकवला तरी चुण्यांचा गठ्ठा दोन्ही बाजूंना साधारण 8-8 इंच काचेवरच राहतो. 48 इंचांतले 16 इंच गेले, म्हणजे पडदा उघडा असतानाही खिडकीचा तिसरा हिस्सा बंद! रॉड दोन्हीकडे 8-10 इंच भिंतीवर पुढे काढला की गठ्ठा भिंतीवर जातो आणि काच पूर्ण मोकळी होते. खर्च किती, तर थोडा लांब रॉड. हे मी त्याला सांगितलं तर म्हणे, "असं कुणी करत नाही, दिसायला बरं दिसत नाही." रोज पडदे लावणाऱ्या माणसाला उजेडापेक्षा शोभेची काळजी!

मग झेब्रा ब्लाइंड घ्या म्हणाले, म्हणजे आडव्या जाळीदार आणि जाड पट्ट्यांचा, वर गुंडाळायचा पडदा. सध्या जिकडेतिकडे तेच. त्याचे जाळीदार पट्टे एकमेकांसमोर आणले तरी मधले जाड पट्टे उजेड अडवतातच, जवळजवळ अर्धी खिडकी झाकलेली राहते. शिवाय वरची पेटी खिडकीच्या माथ्याची जागा खाते, आणि आमच्यासारख्या घरात थोडंफार आकाश दिसतं ते तिथूनच. खोलीत आतपर्यंत पोचणारा उजेड वरच्या भागातून येतो. तोच आधी झाकायचा?

नेटचा पडदा लावा, असंही एकाने सुचवलं. नेट चांगलंच, पण दिवसा बाहेर जास्त उजेड आणि आत कमी असेल तरच बाहेरच्याला आतलं दिसत नाही. आमच्याकडे दुपारीही ट्यूब चालू आणि समोरचं स्वयंपाकघर हाकेच्या अंतरावर. नेटमधून मी काय वाचते आहे हेही त्यांना दिसेल. हे दुकानदाराला माहीत नसेल, तर मग त्याला माहीत तरी काय आहे?

आणि दुकानातले ते दिवे! फोकसच्या झगझगीत उजेडात पिस्त्यासारखा दिसणारा रंग घरी आणला की शेवाळी होतो. म्हणून म्हटलं, हातभर तुकडा द्या, खिडकीला धरून बघते, हवं तर पैसे ठेवून घ्या. तर म्हणे नाही, कॅटलॉग दुकानाबाहेर जात नाही. हजारो रुपये द्यायचे आणि कापड घरच्या उजेडात बघायचंही नाही. हा कुठला न्याय?

चाळीतल्या, जुन्या क्वार्टर्समधल्या खिडक्या आठवा. दोन हुक, मध्ये ताणलेली स्प्रिंग, तिच्यावर पांढऱ्या कापडाचा अर्धा पडदा. खालून कुणाला काही दिसायचं नाही, वरून उजेड आणि वारा दोन्ही. अंधाऱ्या खोलीला याहून योग्य काही नाही. खालच्या काचेला दुधी फिल्म लावली तरी तेच काम होतं. पण ही स्प्रिंग मागितली तर पडद्याच्या दुकानात माझ्याकडे असे बघतात, जणू मी उधारी मागते आहे. शेवटी ती मिळाली हार्डवेअरच्या दुकानात, आणि पडदे शिवून दिले गल्लीतल्या टेलरने. त्याने तर आधी विचारलं, "ताई, खिडकी कोणत्या बाजूला आहे?" एवढ्या सगळ्या दुकानांत हा एक प्रश्न कुणालाही सुचला नाही!