‘ग्रुपवर टाकलं होतं ना!’

हे वाक्य पुन्हा कोणी माझ्यासमोर उच्चारलं, तर मी भांडणार आहे. खरंच भांडणार आहे.

आईच्या जिवलग मैत्रिणीचे यजमान गेले. राहायला दोन बिल्डिंग पलीकडे. आणि आईला ते कधी कळलं? तेरावं उरकल्यावर, भाजीवाल्याकडून! आईकडे बटणांचा साधा फोन आहे, हे त्या घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे. मुलाला विचारलं, तर तो शांतपणे म्हणतो, "ताई, सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं होतं ना." पाण्याची टाकी धुणार असल्याची सूचना वर, कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक खाली आणि मधे वडील गेल्याची बातमी. तिच्याखाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची ही लांबलचक रांग, आधीच्याचं उचलून चिकटवलेलं. त्यातले समाचाराला किती गेले, ते विचारूच नका.

त्या मुलाला त्या दिवसांत शंभर कामं असणार, कबूल. मग बाकीचे काय करत होते? अंगठा टेकवला की संपलं? एकालाही वाटू नये, की जिना चढून जाऊ आणि म्हातारीला सांगू?

आई धावत भेटायला गेली, तर मैत्रीण तिच्याशी धड बोलेना. "रोज वाटायचं, आज तरी येशील," एवढंच म्हणाली. चाळीत शेजारी राहून एकमेकींची बाळंतपणं काढलेल्या बायका या! आता आई तिला सांगत बसली आहे, की मला कोणी कळवलंच नाही गं.

‘टाकलं’ म्हणजे ‘सांगितलं’ हे कोणी ठरवलं? व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या खुणा २०१४ सालापासून आहेत. ग्रुपमध्ये तर सगळ्यांनी वाचल्याशिवाय त्या निळ्या होतच नाहीत. आपला मेसेज दाबून धरा आणि माहिती उघडा, कोणी वाचला ते नावानिशी दिसतं. आता एका ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात, म्हणजे मोठ्या ग्रुपवर त्या खुणा निळ्या होण्याची आशाच सोडा. मेसेज सगळ्यांनी वाचलेला नाही, हे तो फोनच दाखवतोय. पण बघायचंय कोणाला? टाकणारा टाकून मोकळा, आणि न वाचणारा गुन्हेगार!

लग्नाचंही तेच. पूर्वी जवळच्यांकडे पत्रिका आणि अक्षता घेऊन जायचे, चहा व्हायचा, चार रुसवे तिथेच निघायचे. आता सख्ख्या आत्याला पीडीएफ येते. शाळेचं तेच, डॉक्टरांची वेळ बदलली तरी तेच. आणि आपण फोन केला, की पलीकडून दचकून विचारतात, "काय झालं? मेसेज टाकायचा ना." माणसाचा आवाज ऐकायला आता कारण द्यावं लागतं का?

कामाच्या सूचना खुशाल टाका ग्रुपवर. टाकी धुताय, लिफ्ट बंद आहे, जरूर टाका. पण मरण, आजारपण, लग्न, बारसं सांगायचं असेल, तर आमच्या घरी फोन करा. आईने उचलला नाही तर पुन्हा करा, तिला ऐकू कमी येतं. नाहीतर येऊन बेल वाजवा. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो, लिफ्टसुद्धा लागत नाही.